आमच्या लग्नाला हरकत

माझं लग्न झालेलं नाही, हे मला खिडकीतल्या बाईंनी सांगितलं. अगदी सौम्य आवाजात सांगितलं, त्यामुळे ते जास्तच लागलं. माझ्यामागे रांग होती. रांगेतल्या लोकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या शेजारी पर्स सावरत उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं आणि मग सगळे एकदम छताच्या पंख्याकडे बघायला लागले. आमची मुलगी लग्न होऊन स्वतःच्या घरी नांदतेय, हे त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं; पण सांगून परिस्थिती सुधारली असती असं वाटत नाही.

काम इतकं साधं होतं की मी घरून निघताना कुकर लावून निघालो होतो. ही गणिताची शिक्षिका. जन्मभर दुसऱ्यांच्या हाताखाली काढल्यावर तिला मुख्याध्यापिकेची जागा मिळाली होती, परगावी, टेकडीवरच्या एका निवासी शाळेत. शाळेच्या आवारात मुख्याध्यापकांसाठी बंगला. बंगला म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि व्हरांडा, पण पत्रात बंगलाच लिहिलं होतं. खाली एक अट होती: कुटुंबासह राहायचं असल्यास लग्नाचा दाखला जोडावा. नसल्यास शिक्षिकांच्या वसतिगृहात एक खोली मिळेल, आणि पुरुष पाहुण्यांना रविवारी दुपारी खालच्या बैठकीत बसता येईल. म्हणजे दाखला मिळाला नाही तर ही तिकडे, मी इकडे आणि आठवड्यातून एकदा मी माझ्या बायकोचा पाहुणा. जागा सोडायचा तर प्रश्नच नव्हता. या वयात तिला ती मिळाली होती; मी तिला ती सोडू दिली असती तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"दाखला काय, हा गेलो आणि हा आणला," मी म्हणालो.

असं म्हणायचा मला थोडाफार अधिकार होता. मी वजनमापं खात्यात निरीक्षक होतो. माझा शिक्का बसल्याशिवाय बाजारात कोणाला किलोला किलो म्हणता येत नसे. सरकारी खिडकीच्या आतल्या बाजूला आयुष्य काढलेल्या माणसाला बाहेरच्या बाजूची भीती वाटत नाही. ती वाटायला हवी, हे मला आता कळतं.

आता आमच्या लग्नाबद्दल. ही मुसलमान, मी नाही. कॉलेजात एका बाकावर बसायचो, पुढचं तुम्ही समजून घ्या. घरच्यांनी व्हायचा तेवढा आरडाओरडा केला आणि मग दोन्हीकडून एकाच दिवशी होकार आला. फक्त हिचे वडील म्हणाले, लग्न काझींसमोर होऊ दे. माझी आई म्हणाली, गुरुजींसमोर होऊ दे. आम्ही दोघंही स्वभावाने कोणाचं मन मोडणारे नाही. सकाळी काझींकडे गेलो, संध्याकाळी गुरुजींकडे. काझींनी विचारलं, तुम्ही आमच्यात आलात ना? मी म्हटलं, आलो. गुरुजींनी हिला विचारलं, तुम्ही आमच्यात आलात ना? ही म्हणाली, आले. दोघेही समाधानाने जेवून गेले. लोकांचं एक लग्न होतं, आमची दोन झाली, आपलं काम दुप्पट पक्कं झालं, असं मी इतकी वर्षं समजत होतो.

खिडकीतल्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं.

"काका, सकाळी तुम्ही मुसलमान झालात?"

"हो. म्हणजे... तेवढ्यापुरता."

"तेवढ्यापुरतं होता येत नाही. एक तर झालात, नाही तर नाही झालात."

"बरं, झालो."

"मग संध्याकाळी गुरुजींनी लग्न कसं लावलं? त्यांचा कायदा दोघंही त्यांच्यातले असतील तरच चालतो. काकू तिकडे गेल्या, पण तुम्ही तर सकाळीच तिथून निघून गेला होतात. म्हणजे तुम्ही फक्त जागा बदलल्या."

"मग समजा, मी नव्हतोच झालो."

"मग सकाळचं लग्न गेलं. बाई मुसलमान आणि पुरुष नाही, असं लग्न काझींच्या कायद्यात बसत नाही."

"पण संध्याकाळचं?"

"काकू, तुम्ही खरंच धर्म बदलला होता?"

ही गणिताची शिक्षिका. तिला खोटं उत्तर देता येत नाही. "गुरुजींना बरं वाटावं म्हणून हो म्हटलं होतं," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवसापासून नमाज चालूच होता."

"मग तेही गेलं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दोन्ही कागद अतिशय अदबीने माझ्याकडे सरकवले. "वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांसाठी तिसरा कायदा आहे, सरकारी. त्यात कोणी काही बदलायचं नसतं. तुम्ही तेव्हा इथेच यायला हवं होतं."

मी मुलीचं काय, असं विचारलं. बाई म्हणाल्या, मुलीची काळजी करू नका, कायदा मुलांना काही म्हणत नाही. म्हणजे आमच्या घरात एकटी तीच कायदेशीर होती. संध्याकाळी तिला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की जावयाने फोन काढून घेतला आणि "बाबा, सगळं ठीक आहे ना?" असं विचारलं.

घरी येताना ही माझ्यापासून हातभर अंतर ठेवून चालत होती.

"काय गं?"

"काही नाही. परक्या पुरुषाबरोबर चाललेय, जरा सवय व्हायला हवी."

कुकर करपला होता. तो घासताना मी विषय काढला की उद्याच जाऊन त्या तिसऱ्या कायद्याचा अर्ज भरून टाकू. ती स्टुलावर बसून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "मागच्या वेळी मी विचारलं होतं."

"काय विचारलं होतंस?"

"लग्न करशील का म्हणून. लायब्ररीच्या जिन्यावर. तू 'घरी विचारून सांगतो' म्हणालास. आता तू विचार."

माझे हात कोपरापर्यंत साबणात होते. तरी मी विचारलं. वजनमापं खात्यातून मानाने निवृत्त झालेला माणूस, हातात करपलेला कुकर, आणि समोर जिच्याबरोबर अख्खं आयुष्य काढलं ती बाई. एका क्षणात हो म्हणेल आणि भांडी विसळायला घेईल, अशी माझी अपेक्षा होती.

"विचार करून सांगते," ती म्हणाली आणि पेपर वाचायला बाहेर गेली.

तिने खरंच विचार केला! आठवडा उलटून गेला. मधेच चहा पिताना ती मला निरखून बघायची आणि मान हलवायची. एकदा म्हणाली, "घोरण्याबद्दल तुझं काय धोरण आहे?" मी दाढी रोज करायला लागलो. हे मी कोणाला सांगितलं नसतं, पण शेजाऱ्यांनी ओळखलंच. शेवटी एका सकाळी ती तयार होऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "चल. दुसरं कोणी विचारलं नाही." मी इतका खूश झालो की चपला उलट्या घातल्या.

अर्जात एक रकाना होता: अविवाहित, विधुर की घटस्फोटित. आम्ही दोघांनी शेजारी शेजारी बसून, एकमेकांचा चष्मा वापरत, 'अविवाहित'समोर खूण केली. मग खिडकीतल्या बाईंनी सांगितलं की ही नोटीस आमच्या दोघांच्या फोटोंसकट बाहेरच्या फलकावर महिनाभर लागेल, आणि या लग्नाला कोणाची हरकत असेल तर त्याने ती लेखी कळवायची.

"आमच्या लग्नाला आता कोण हरकत घेणार?" मी हसत म्हणालो. बाईही हसल्या.

फलक रस्त्याला लागून होता आणि रस्ता आमच्या बाजाराचा होता. ज्या दुकानदारांच्या काट्यांवर मी जन्मभर शिक्के मारले ते सगळे तिथून जात येत. पहिल्याच दिवशी किराणावाल्याने विचारलं, "साहेब, या वयात?" त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे इतके दिवस तसंच?" त्यानंतर मी समजावून सांगणं सोडून दिलं.

माझी थोरली बहीण आणि हिचा भाऊ हे दोघं आमच्या लग्नापासून एकमेकांशी धड बोललेले नाहीत. त्या रविवारी ते एकाच वेळी आमच्या दारात आले आणि एकाच सोफ्यावर बसले.

"माझ्या बहिणीला इतकी वर्षं असं ठेवलंत, भावजी," मेहुणा म्हणाला. "काझींच्या समोर हो म्हणालात, ते काय गंमत म्हणून?"

"आणि गुरुजींनी काय घोडं मारलं होतं?" ताई म्हणाली. "तुझं लहानपणापासून असंच. सगळ्यांना हो म्हणायचं आणि कुठंच नाव लावायचं नाही."

"अगदी बरोबर बोललात तुम्ही," मेहुणा म्हणाला.

"तुम्ही चहा घ्या हो," ताई त्याला म्हणाली. दोघांचं माझ्या मूर्खपणावर पूर्ण एकमत झालं, आणि जाताना मेहुण्याने ताईला स्कूटरवरून घरी सोडलं. आमची दोन लग्नं जे करू शकली नव्हती ते आमच्या लग्न नसण्याने केलं. मी एकटाच दारात कपबशा घेऊन उभा होतो.

खरा घोळ पुढेच आहे. आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. ते कोर्टात पुकारा करायचे. म्हणजे खटल्यातल्या लोकांची नावं दारात उभं राहून ओरडायची. त्यामुळे त्यांचा आवाज मोठा आहे आणि कायदा आपल्याला येतो अशी त्यांची समजूत आहे. सगळी इमारत त्यांना कायदेकाका म्हणते. ते जिन्यातूनच बोलत खाली आले.

"अहो, तुमचं चुकतंय! नवीन लग्न कशाला? जुनंच सिद्ध करा."

"ते होत नाही म्हणाल्या बाई."

"बाईंना काय कळतंय! विवाह अधिकारी साहेबांकडून निकाल घ्यायचा. आणि निकाल कधी देतात साहेब? वाद असला की. वाद कधी होतो? कोणीतरी हरकत घेतली की."

मी त्यांना हात जोडून सांगितलं की कृपा करून काही करू नका. ते म्हणाले, "छे छे, मी कशाला काय करतोय!" आणि दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी हरकत नोंदवली. हरकत अशी की नियोजित वर आधीच विवाहित आहे, त्याची पत्नी हयात आहे आणि ती त्याच्याच घरात राहते.

म्हणजे एक बायको असताना मी दुसरी करत होतो, आणि दोन्ही एकच होती. खिडकीतल्या बाईंचा फोन आला तेव्हा त्यांचा सौम्य आवाज संपला होता. "काका, आता साहेबांना चौकशी लावावी लागेल. तुमचं आधी लग्न झालेलं ठरलं, तर हे लग्न होणार नाही."

"आणि आधीचं लग्न धरतील?"

"ते आमच्या कायद्यात येतच नाही. आमच्याकडे फक्त हे होणार की नाही होणार, एवढंच."

मी कायदेकाकांच्या दारावर गेलो तेव्हा माझा तोल सुटला होता. मी त्यांना काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "आभार नंतर माना."

शाळा सुरू व्हायला थोडेच दिवस होते. दाखला नाही आला तर वसतिगृहातली खोली घ्यावी, असं शाळेचं पत्रही आलं. हिने ते माझ्यासमोर वाचलं, घडी घातली आणि काही बोलली नाही. ती बोलली नाही की मला सुचेनासं होतं. रात्रंदिवस जिचं बोलणं ऐकून वैतागायचं, तिच्याशिवायच्या घराचं चित्र डोळ्यांसमोर यायला लागलं आणि मला खरंच भीती वाटली.

खिडकीतल्या बाईंना आमची दया आली असावी. त्यांनी आम्हा दोघांना बाजूला घेऊन सांगितलं, "हे बघा, सोपं आहे. साहेब दोघांना वेगवेगळं आत बोलावतील आणि शपथेवर विचारतील: तुमचं लग्न झालेलं आहे का? तुम्ही म्हणायचं, नाही. एकच शब्द. खोटंही नाही ते, कायद्याने झालेलंच नाही. हरकत फेटाळली जाईल, आठवड्याभरात लग्न, हातात दाखला."

घरी आम्ही तालीम केली. ही साहेब झाली.

"तुमचं लग्न झालेलं आहे का?"

"न... नाही."

"हे नाही म्हणणं झालं की खोकला? पुन्हा."

"नाही!"

"ओरडायचं नाही. साहेबांना वाटेल तुला त्रास दिलाय मी." दहावीच्या मुलांना नापास होण्यापासून वाचवणारी बाई ती, तिने माझ्याकडून ते घोटून घेतलं. अंघोळ करताना, भाजी निवडताना, मी नाही नाही म्हणत होतो.

चौकशीच्या दिवशी आधी कायदेकाका. त्यांचं बोलणं दार बंद असूनही बाहेर बाकावर आम्हाला ऐकू येत होतं.

"साहेब, हा माणूस बाजारात जाताना खाली उभा राहून वर ओरडतो, अजून काय आणायचं? आणल्यावर वरून ओरड ऐकतो, हे कुणी सांगितलं होतं? अविवाहित माणूस हे सहन करेल का? मागच्या उन्हाळ्यात पंखा किती ठेवायचा यावरून चार दिवस अबोला होता. लग्न झालेलं नसतं तर चार दिवसांत कोणी एक निघून गेलं असतं की नाही? लिहून घ्या साहेब!"

साहेबांनी लिहून घेतलं असावं, कारण मधे शांतता होती. मग हिला बोलावलं. ती पदर सावरून ताठ आत गेली आणि लगेच बाहेर आली. माझ्याकडे न बघता बाकावर बसली आणि चष्मा पुसायला लागली. मी ओळखलं, काम झालं.

मी आत गेलो. साहेब वयाने माझ्यापेक्षा लहान, चेहरा दमलेला. त्यांनी शपथ दिली आणि विचारलं, "तुमचं लग्न झालेलं आहे का?"

दाराला वरच्या बाजूला काच होती. काचेतून ही दिसत होती. चष्मा पुसून झाला होता तरी पुसतच होती. चष्म्याशिवाय तिला लांबचं दिसत नाही, त्यामुळे ती माझ्या दिशेने नुसतीच बघत होती. नाही हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. मी तोंड उघडलं. मुलीच्या जन्माच्या वेळी दवाखान्यात नवऱ्याच्या रकान्यात सही करायला मी वेळ लावला तेव्हा हिने आतून ओरडून विचारलं होतं, 'केलीस का रे सही?' तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं, तुम्ही कोण म्हणून.

"झालंय, साहेब," मी म्हणालो. "दोनदा झालंय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "विचार करून बोला. याचा परिणाम तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे. पण मला दुसरं म्हणता येत नाहीये. लिहा तुम्ही."

बाहेर आलो. मी हिच्याशेजारी बसलो. मी तिचा बंगला घालवला होता, एका शब्दासाठी. शरमेने माझी मान वर होईना.

"मी हो म्हणालो," मी सांगितलं.

ती चष्मा पुसतच राहिली.

"एक शब्द होता. तोही पाठ होता. तुझ्याबरोबर घोकला होता. पण तू समोर दिसत होतीस आणि मला नाही म्हणताच आलं नाही गं. मी रविवारी येईन. पहिल्या गाडीने येईन. आत नाही घेतलं तर फाटकाशी उभा राहीन."

मग मला शंका आली.

"तू नाही म्हणालीस ना?"

तिने चष्मा डोळ्यांवर चढवला. "मी म्हणाले, एवढ्या मोठ्या मुलीच्या आईला असं विचारायला तुम्हाला लाज कशी वाटत नाही?"

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे ठसका लागला. तिने पाठीवर थापट्या मारल्या. कायदेकाका कोपऱ्यात उभे होते, त्यांनी मोठ्याने नाक शिंकरलं.

खिडकीतल्या बाई निकाल घेऊन आल्या त्या रागानेच. "एक शब्द सांगितला होता तुम्हाला!" असं म्हणून त्यांनी तो हिच्या हातात दिला. त्यात लिहिलं होतं की दोन्ही पक्षांनी शपथेवर विवाह झाल्याचं मान्य केलं आहे, शेजाऱ्याच्या साक्षीनेही ते दिसून येतं, आणि पती-पत्नी असलेल्या या दोघांचा पुन्हा विवाह लावता येत नाही, सबब अर्ज फेटाळण्यात येत आहे. खाली सही आणि गोल शिक्का. हिने ते एकदा वाचलं. मग गणितातली एखादी पायरी सापडावी तशी बोट ठेवून पुन्हा वाचलं.

"पती-पत्नी असलेल्या," ती म्हणाली.

"हो, पण अर्ज..." बाई म्हणाल्या आणि थांबल्या. त्यांनीही वाकून वाचलं. "अगंबाई," त्या म्हणाल्या.

हिने तिथल्या तिथे शाळेच्या व्यवस्थापकांना फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. ते विचारत होते, लग्नाचा दाखला मिळाला का.

"दाखला नाही मिळाला. साहेबांच्या शिक्क्याचा निकाल मिळालाय. सरकारने आमचं लग्न लावायला नकार दिला."

"अरेरे. का हो?"

"झालेलं आहे म्हणून. लावून घ्यायचं तर आधी झालंच नव्हतं असं म्हणायला लागत होतं. ते आम्हाला दोघांनाही जमलं नाही."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. हिने फोन घट्ट धरला होता. मी तिचं मनगट धरलं.

"बरं, तोच निकाल जोडा," व्यवस्थापक शेवटी म्हणाले. "बंगल्याची चावी फाटकावर ठेवतो. स्वयंपाकघरातला नळ जरा गळतो, तेवढं चालवून घ्या."

"त्याची काळजी नको," ही म्हणाली. "नवरा आणतेय बरोबर."